उजव्या हाताची नोंद

३ मार्च २०२५, वडवणी

डाव्या हाताने लिहितो आहे. रविराजने सांगितले आहे, रोज दहा ओळी. ही तिसरी. मनगट दुखते. पुरे.

४ मार्च

रविराज म्हणाला, तीन ओळी म्हणजे नापास. ‘सर, तुमी आमाला असं सोडलं असतं का?’ व्यायाम करून घेणारा हा पोरगा कधीकाळी माझ्या वर्गात होता म्हणे. मला आठवत नाही.

९ मार्च

दहा झाल्या. ‘क्ष’ मात्र येत नाही. जी नोंद मला लिहायची आहे तिच्यात क्ष लागतो.

१३ मार्च

काय झाले ते एकदा लिहून ठेवतो. १९ जानेवारीला सकाळी अंघोळ करताना तांब्या हातातून गळून पडला. उचलायला गेलो तर हातच पुढे आला नाही. मेंदूत गुठळी. बीडला दवाखान्यात बारा दिवस. आता पाय घासत चालतो. उजवा हात हलतो, मिटतो, पण त्याला कळत काही नाही. रविराज डोळे मिटायला लावतो आणि बोटांवरून काहीतरी फिरवतो. ‘काय लागलं, सर?’ मी म्हणतो, कापूस. डोळे उघडले की त्याच्या हातात किल्ली असते.

याचे मला दुःखही होत नाही. लोक येतात, हळहळतात. मी त्यांच्याकडे एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहावे तसा पाहतो.

काळजी एकच आहे, कोशाची. तालुक्याच्या कॉलेजात पस्तीस वर्षे मराठी आणि पाली शिकवली. विद्यापीठात असताना स्वस्तात मिळणारी रशियन पुस्तके वाचण्याच्या हौसेपायी रशियनची पदविका केली होती. तिचा उपयोग आयुष्यात एकदाच झाला. मराठीतून एक मोठा व्युत्पत्तिकोश होतो आहे, आणि त्यातली एक नोंद माझ्याकडे आली. तालुक्याच्या गावातला मी एकटाच. १० मे ही शेवटची तारीख. कोशमंडळाच्या बबिता मॅडमचा फोन आला होता. बोलणे गोड, मुद्दा स्पष्ट. तब्येत सांभाळा, जमणार नसेल तर दुसऱ्या कोणाला देऊ. मी म्हणालो, जमेल.

टिपणे सगळी तयार आहेत. लिहायला हात नाही.

१८ मार्च

दुपारी राधाकिशन आला. कॉलेजात शेजारच्या टेबलावर तीस वर्षे काढली आम्ही. माझी बायको पंचशीला मला भरवत होती, ते बघून दारातूनच म्हणाला, ‘भारतराव, मजा हाय बे तुझी! आमची बायको पाणी सुदिक हातात देत न्हाई.’

पंचशीला म्हणाली, ‘भावजी, तुमीच सांगा यांला. दुसरा हात हाय की धडधाकट. त्यानं जेवायला काय होतंय?’

मी म्हणालो, आपल्या घरात डाव्या हाताने कोणी जेवत नाही.

ती उरलेली भाकरी घेऊन आत गेली. राधाकिशन पंख्याकडे बघत बसला. चूक काय बोललो ते कळले नाही.

२४ मार्च

रविराज म्हणतो, रोजचे तेच ते लिहू नका, डोक्यातले लिहा. तर शब्द लिहितो.

दीड हजार वर्षांपूर्वी स्लाव लोक जी एक भाषा बोलत, तिची एक ओळही कोणी लिहून ठेवलेली नाही. तिच्या लेकी तेवढ्या आज आहेत. बल्गेरियन, सर्बियन, रशियन, पोलिश अशा. लेकींच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा काढावा तसे पंडितांनी तिचे शब्द काढले. असा काढलेला शब्द लिहिताना आधी चांदणीची खूण करतात. म्हणजे, हा कोणी ऐकलेला नाही, पण असलाच पाहिजे.

माझा शब्द *देस्नु. शेवटचा उ अगदी पुसट. विशेषण. अर्थ, उजवा.

बल्गेरियनमध्ये त्याचे देसेन झाले, सर्बियनमध्ये देस्नी. लांबचे सोयरे म्हणजे लिथुआनियन देशिने, अवेस्तातला दशिन, लॅटिन डेक्स्टर आणि आपला दक्षिण. उगवतीकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला जी दिशा येते ती दक्षिण. त्यावरून पुढे दख्खन. म्हणजे आपण सगळे या देशाच्या उजव्या हाताला राहणारे. विहारात आपण प्रदक्षिणा घालतो, तीही उजवी बाजू आत ठेवून.

पाच-सहा हजार वर्षे हा शब्द फारसा झिजला नाही. उजव्या हाताचा मान मोठा.

३० मार्च

व्यायाम म्हणून उजव्या हाताने चहाचा स्टीलचा ग्लास धरला. धरता आला. आनंद झाला. काही वेळाने खाली पाहिले, तळहात भाजून लाल झाला होता. मला पत्ता नव्हता.

पंचशीलाने हात पाण्याखाली धरला, मग मलम लावले. लावताना तिचे डावे मनगट माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यावर बोटभर लांबीचा जुना डाग आहे. उलथण्याचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती डाव्या हाताने वाढायची, आणि आईला ते चालत नसे. दोनदा सांगून पाहिले, तिसऱ्यांदा आईने चुलीवरचे उलथणे घेतले. मी शेजारच्या खोलीत परीक्षेचे पेपर तपासत होतो. आई स्वभावाने वाईट नव्हती.

मी विचारले, ‘दुखलं होतं का?’

‘कवा?’

‘हे. तेव्हा.’

‘आता इचारता व्हय?’ ती मलमाचे झाकण लावत म्हणाली. ‘तुमचं दुखतंय का ते सांगा.’

‘नाही.’

‘मग झालं तर.’

७ एप्रिल

महिना उरला. फोनवर बोलून लिहून पाहिले. फोन शहाणा आहे, पण त्याला स्लाव्हिक येत नाही. दर वेळी देस्नुचे देसाई करतो. राधाकिशनला लिहायला बसवावे तर त्याला मोतीबिंदू.

पंचशीला म्हणाली, ‘मी लिव्हते.’

मी नको म्हणालो. तिचे अक्षर मला माहीत आहे. एकोणनव्वद साली तिने दिलेली किराणा सामानाची यादी मी चुकून कॉलेजात नेली होती. अक्षर असे, की ओल्या मातीवरून कोंबडी चालून गेली असावी. मी ती स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. वाचून म्हणजे, वाचता येत नाही हे दाखवून. सगळे हसले. राधाकिशन सगळ्यात जास्त. घरी येऊन तिलाही सांगितले, गंमत म्हणून. त्यानंतर ती यादी तोंडीच सांगते. तेलापासून सुरू करते आणि काडेपेटीवर थांबते. सवयीने मलाही पाठ झाली आहे.

८ एप्रिल

ती आज वही घेऊन बसलीच. कागद तिरका ठेवला, पेन डाव्या हातात घेतले.

मी म्हणालो, ‘उजव्या हातात घे.’

तिने पेन माझ्यापुढे ठेवले. ‘मग सर, तुमीच लिव्हा.’

आमच्या घरात ती मला ‘आवो’ म्हणते. ‘सर’ म्हणाली म्हणजे गाडी घसरली. मी म्हणालो, बरं, लिही.

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. दोन पाने झाल्यावर वही मागितली. गोल, सुटे, एका उंचीचे अक्षर. ‘क्ष’ छापल्यासारखा. मी पान उलटून पुन्हा पाहिले.

‘हे कधी शिकलीस?’

‘शिकले काय? ती यादी उजव्या हातानं लिव्हली व्हती. तलवाड्याच्या शाळेत फळ्यावर सुविचार रोज मीच लिव्हायचे. सातवीपस्तोर. गुरुजी म्हनायचे, पंचशीले, हात कोनता का असंना, पोरांला वाचता आलं पायजे.’

अडतीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हते. वाईट वाटायला हवे होते. रविराजच्या कापसासारखे झाले. काहीतरी लागले, काय ते सांगता आले नाही.

१४ एप्रिल

जयंती. तीस वर्षे विहारात भाषण माझेच. या वेळी जाणार नव्हतो. बोलता येते, पण बाबासाहेबांच्या प्रतिमेला आणि बुद्धमूर्तीला फूल वाहायचे कोणत्या हाताने?

पंचशीला साडी नेसून तयार होती. म्हणाली, ‘चला. हात कोनता ते आज कुनी बघत न्हाई.’

‘लोक बघतात.’

‘लोक न्हाई,’ ती म्हणाली. ‘तुमी बघता.’

मग आठवले. संजयच्या, आमच्या मुलाच्या, नामकरणाला तिने डाव्या हाताने फूल वाहिले होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, हात बदल. तिने बदलला. मूल दुसऱ्या कडेवर घ्यावे लागले, म्हणून ते रडले.

माझ्या वडिलांनी, निवृत्तीबाबांनी, छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीला नेऊन सोडले. आई सांगायची, टोपली इतकी जड होती की दोघांनी धरली. शकुन-अपशकुन, उपासतापास, गंडेदोरे सगळे गेले. मी वर्गात हे अभिमानाने सांगत असे. घरात उजव्या-डाव्याचा कायदा मात्र आईने चालवला आणि तिच्यानंतर मी. तो टोपलीत कसा गेला नाही, हे मला कोणी कधी विचारले नाही.

गेलो नाही. ती एकटी गेली.

२३ एप्रिल

ऊन फार. पहाटे तेवढे काम होते. नोंद पुढे सरकते आहे.

पंचशीला नुसते लिहीत नाही, अडवते. आज देस्ना नदीपाशी अडली. रशिया-युक्रेनकडे देस्ना नावाची मोठी नदी आहे. तिचे नाव ‘उजवी’, पण ती नीपर नदीला मिळते डावीकडून.

‘मग नाव चुकलं की.’

मी सांगितले, पंडितांच्या मते ते लोक उगमाच्या दिशेने चालत गेले. पाण्याच्या उलट. त्यांच्या उजव्या हाताला ती आली.

‘म्हंजी तोंड कुनीकडं करून हुबं ऱ्हायलं, त्याच्यावर हाय सगळं,’ ती म्हणाली आणि लिहून टाकले. चांगले वाक्य आहे. नोंदीत बसणार नाही.

२७ एप्रिल

आज डाव्याचा परिच्छेद. नोंद उजव्याची आहे, पण हे सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. उजव्याचा मूळ शब्द बहुतेक भाषांनी जपला. डाव्याचा कोणी धड जपला नाही. स्लावांमध्ये त्याला दोन शब्द होते, त्यातला एक जवळजवळ मेला. लिथुआनियनने तिसराच घेतला, ग्रीकांनी ‘अधिक चांगला’ असे गोड नाव दिले. संस्कृतात वाम म्हणजे सुंदरही. वाईट गोष्टीला चांगले नाव द्यायचे, म्हणजे ती चिडत नाही.

ती लिहिता लिहिता थांबली. ‘उजव्याचं नाव जगभर एकच, अन् डाव्याचं दर गावाला येगळं? कावून?’

‘लोक नाव घ्यायला भितात.’

‘हाताला?’

‘हो.’

तिने ओळ पुरी केली. मग म्हणाली, ‘तुमच्या आई न्हाई भ्यायच्या. सरळ डावरी म्हनायच्या. तलवाड्याची डावरी.’

आणि हसली. मीही हसलो. ती आधी थांबली.

नंतर रशियन आणि पोलिशचे लिहिले. त्यांनी *देस्नु टाकून दिला आणि उजव्याला *प्रावु म्हणू लागले. सरळ, योग्य, बरोबर. रशियनमध्ये जुन्या शब्दाची एक आठवण उरली, देस्नित्सा, उजवा हात. तीही प्रार्थनेत आणि जुन्या कवितेत. रोजच्या बोलण्यात तो हात नाही.

आज जेवलो. डाव्या हाताने. वरण सांडले. तिने वाटी जवळ सरकवली.

५ मे

अठरा पाने. शेवटच्या पानावर माझे नाव. प्रा. भारत निवृत्ती. ते तिनेच लिहिले. पानांचे फोटो काढून पाठवले.

७ मे

सकाळी बबिता मॅडमचा फोन. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. पंचशीला समोर तांदूळ निवडत होती.

मॅडम म्हणाल्या, नोंद उत्तम. एक बदल, डाव्या हाताचा परिच्छेद विषयाबाहेर जातो, तो काढावा आणि शेवटची दोन पाने जुळवून पुन्हा पाठवावीत. मग म्हणाल्या, ‘आणि सर, अक्षर किती सुरेख हो! इथे सगळ्यांना दाखवलं मी. एवढ्या आजारातून उठून असं अक्षर! तुमचंच ना?’

मी म्हणालो, ‘हो, माझंच.’

का म्हणालो माहीत नाही. तोंडातून गेले. त्या वाहवा करत राहिल्या, मी आभार मानले.

पंचशीला डाव्या हाताने निवडत होती. फोन ठेवून पाहिले तर उजव्या हाताने निवडत होती.

मी म्हणालो, दोन पाने पुन्हा लिहायची आहेत.

‘तुमचंच अक्षर हाय न्हवं?’ ती ताटावरून वर न बघता म्हणाली. ‘लिव्हा.’

८ मे

ती रागावलेली नाही. चहा दिला, गोळ्या दिल्या, पायाला तेल लावले. सगळे उजव्या हाताने. तेल लावताना तिचा जोर पोचत नाही, हे पूर्वी कधी लक्षात आले नव्हते.

राधाकिशन आला. त्याला सगळे सांगितले. वाटले, हसेल. तो हसला नाही. मग म्हणाला, ‘भारतराव, ती यादी आठवती का रे? कोंबडीची? मी लई हसलो होतो.’

‘हो.’

‘मला तवाच वाटलं होतं, हे काय बरं न्हाई. पन हसायला लागलं की मानूस थांबत न्हाई.’ चप्पल घालताना म्हणाला, ‘तू सर हायस बे. तुला कोन सांगनार?’

९ मे

पहाटे चारपासून बसलो. दोन पाने, डाव्या हाताने. ओळी वर चढतात, शाई पुसते, क्ष गाठ पडलेल्या दोऱ्यासारखा. पाच कागद फाडले. दुपारी बारापर्यंत दीड पान. ती दोनदा दारात येऊन गेली.

परिच्छेद काढायचा म्हणून पेन्सिल घेतली होती. काढला नाही. उतरवून काढला, जसा तिने लिहिला होता तसा. मॅडमना काढायचा असेल तर काढू देत. मी नाही काढणार.

सगळ्यात खाली, नावानंतर, एक ओळ लिहिली. ती लिहायला दहा मिनिटे लागली.

१० मे

शेवटचा दिवस. दहा वाजता पाने पाठवली. साडेदहाला फोन आला. पंचशीला चुलीपाशी होती. मी आवाज पुन्हा मोठा ठेवला.

‘सर, हे शेवटच्या दोन पानांचं अक्षर... तब्येत पुन्हा बिघडली का?’

‘नाही. ते माझं अक्षर आहे.’

‘आणि आधीचं?’

‘खाली लिहिलं आहे, वाचा.’

त्यांनी वाचले. मोठ्याने वाचले. ‘लेखन, पंचशीला. डाव्या हाताने.’ मग म्हणाल्या, ‘सर, कोशात अशी ओळ छापत नाहीत.’

‘मग त्या दिवशी ज्यांना अक्षर दाखवलंत, त्यांना सांगा. मी खोटं बोललो होतो.’

मॅडम म्हणाल्या, सांगते. परिच्छेदाचे संपादक ठरवतील, पण नोंद वेळेत आली आहे, नाव राहील. मला वाटले होते, हे ऐकून हायसे वाटेल. तितके वाटले नाही.

स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो मध्ये थांबला होता. फोन ठेवल्यावर पुन्हा सुरू झाला. उठून पाहायला गेलो नाही, कोणत्या हाताने थापते आहे ते.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. दोघे विहारात गेलो. मी डाव्या हाताने फूल ठेवले. माझ्यानंतर तिने. दोन बायकांनी पाहिले असेल, नसेल. मी पाहिले आणि काही म्हणालो नाही.

मग बोधिवृक्षाला प्रदक्षिणा. उजवी बाजू आत, म्हणजे माझी न कळणारी बाजू पाराकडे. दोनदा खांदा कठड्याला घासला, मला समजले नाही. तिने बाहेरून माझा डावा हात धरला होता. तो मात्र कळत होता. तिची पकड घट्ट आहे.

१६ मे

रविराजने आज परीक्षा घेतली. डोळे मिटून पाचातले दोन बरोबर आले. किल्ली ओळखली. ‘सर, पास न्हाई, पन एटीकेटी!’

संध्याकाळी म्हणालो, जरा पाय मोकळे करून येतो, किराणा आणतो. यादी सांग. मला वाटले, तेलापासून सुरू करेल.

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली ती हातात कागद घेऊन. बारा जिनसा, एकाखाली एक, गोल, एका उंचीच्या. तेल पहिले नव्हते. पहिली होती बडीशेप. तिला जेवणानंतर बडीशेप लागते, हे मला माहीत नव्हते. तोंडी यादीत ती कधी आली नव्हती.

‘वाचता येती न्हवं?’ तिने विचारले.

‘येते.’

दुकानदार सामान काढताना यादीवर खुणा करून ती खिळ्याला अडकवतो. मी आधीच सांगितले, कागद परत पाहिजे. तो म्हणाला, ‘सर, कागदाचं काय करता?’

या वहीत ठेवला आहे.